वाड्याचं माप

पहिल्या दिवशी मी कॉलेजच्या समोरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा मला कॉलेज दिसलं नाही. पत्ता बरोबर होता, बाळीवेशीच्या आतली गल्लीही बरोबर होती. पण तिथं एका अंगाला झेरॉक्सवाला, दुसऱ्या अंगाला भांड्यांचं दुकान आणि मधे खिळे ठोकलेला एक काळाकुट्ट लाकडी दरवाजा, तोही बंद. कॉलेज म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दयानंद नाहीतर संगमेश्वर यायचं. मोठं पटांगण, कमान, सायकल स्टँड. शेवटी झेरॉक्सवाल्याला विचारलं. तो कागदावरून मान वर न करता म्हणाला, "हेच की. वाकून जा, डोकं आपटतंय."

मोठ्या दरवाजाच्या पोटात एक छोटी दिंडी होती. मी वाकले, तरी आपटलंच. पुढची दोन वर्षं दर जूनमध्ये नव्या पोरापोरींची डोकी तिथं आपटताना बघणं ही आमची करमणूक होती. उंबऱ्याकडे बघावं तर वरची चौकट लागते आणि चौकटीकडे बघावं तर पाय अडखळतो. जुन्या लोकांनी हे मुद्दाम केलं होतं म्हणतात, येणाऱ्यानं मान झुकवूनच आत यावं म्हणून. आमच्यातला अक्कलकोटचा म्हणायचा, "मान कसली बे, फी झुकवून घेतलाय."

ही गोष्ट २००९ ते २०११ ची. इंटेरिअर डिझाइनचा दोन वर्षांचा डिप्लोमा. मी अशोक चौकाच्या पलीकडची. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळेपासून मराठी. आमच्या दोन खोल्यांत अम्मा विड्या वळायची, हजार विड्यांमागे मजुरी. नायना, म्हणजे वडील, पॉवरलूमवर, चादरीच्या जॅकार्ड मागावर. या कोर्सला मी आले ती नायनांमुळेच. कारखान्यातले जुने ग्राफ ते घरी आणायचे. चादरीवरचा मोर आधी ग्राफपेपरवर उतरतो. एक चौकोन म्हणजे एक धागा, किती उभे ताण्याचे, किती आडवे बाण्याचे ते मोजून. मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. भोक असेल तिथं हूक वर जातो आणि धागा उचलतो, भोक नसेल तिथं धागा खाली राहतो. एक भोक चुकलं तर मोराच्या मानेत दर वीतभर अंतरावर तीच चूक, अख्ख्या चादरीत. लहानपणी त्या रद्दी ग्राफच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी घरं काढायची. बारावीनंतर कुणीतरी नायनांना सांगितलं, पोरीला हात आहे, ड्रॉइंगच्या लाइनला घाला. सोलापुरात त्या लाइनची जी एक-दोन दारं मला परवडत होती, त्यातलं हे एक दार, डोकं आपटणारं.

आत गेलं की देवडी. तिथं ऑफिस. पूर्वी जिथं पहारेकरी बसायचा तिथं आमचा क्लार्क बसायचा, आणि फीची पावती मागितली की त्याचा चेहरा पहारेकऱ्यासारखाच व्हायचा. मग चौक, मधे तुळशीवृंदावन, चारी बाजूंनी सोपा, म्हणजे चौकाकडे उघडी ओसरी. सोप्याच्या सागवानी खांबांमधे आमची ड्रॉइंग टेबलं. फरशी कुठंच सपाट नाही, त्यामुळं प्रत्येक टेबलाच्या एका पायाखाली घडी घातलेला कागद. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणीतरी तो कागद काढून घेतला की रोटरिंग पेनची रेघ थेट कोल्हापूरला. वर कबुतरं. दोन वर्षांत माझ्या चार शीटवर कबुतरांनी सही केली. ट्रेसिंग पेपरवरचं ते ब्लेडनं खरडून निघत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

वाडा दोन तुकड्यांचा होता, हे आम्हाला पहिल्याच एप्रिलमध्ये अंगावर कळलं. पुढचा भाग दुमजली, गिलाव्याच्या गोल कमानी, बिडाचे कठडे, रंगीत काचा. बघायला देखणा आणि दुपारी भट्टी. मागचा भाग मातीचा. जाड भिंती, वर माळवद. लाकडी तुळयांवर किलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक फळ्या, त्यावर पालापाचोळा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. सोलापूरचा पारा ४३ ला टेकलेला असताना मागच्या माजघरात शिरलं की माठात उतरल्यासारखं वाटायचं. वर्ग वाटून देणाऱ्या मॅडमना एप्रिलमध्ये जेवढे चहा पाजले गेले तेवढे वर्षभरात कुणी पाजले नसतील. माजघर कुणाला, एवढाच प्रश्न असायचा. लोडशेडिंगच्या काळात पंखा असला काय नि नसला काय, सारखंच.

एक तक्रार मात्र लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. सत्तर-ऐंशी मुलींना संडास एक. कडी तुटलेली, आतून दोरी धरून बसायचं. नळाला पाणी तीन-चार दिवसांनी, ते तर अख्ख्या शहरालाच, पण टाकी मोठी बसवायला काय हरकत होती? आम्ही अर्ज दिला. उत्तर आलं, वास्तू ऐतिहासिक आहे, तोडफोड करता येत नाही. त्याच महिन्यात त्याच लोकांनी सोप्यातल्या कोरीव खांबाला ड्रिल मारून व्हाइटबोर्ड लटकवला आणि माजघराच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं. तेव्हा इतिहास कुठं गेला होता कोण जाणे. मी पास झाले त्या वर्षीपर्यंत ती दोरी होती.

दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात मेजर्ड ड्रॉइंग आलं. एखादी जुनी इमारत टेपनं मोजायची आणि तिचा प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन काढायचं, म्हणजे वरून, समोरून आणि उभी कापल्यावर दिसेल तशी. बाकीचे गट खुशीत होते. एकाला भुईकोट किल्ल्याचा दरवाजा मिळाला, एकाला इंद्रभुवनचा दर्शनी भाग. इंद्रभुवन म्हणजे अप्पासाहेब वारदांनी हौसेनं बांधलेली हवेली, आता तिथं महापालिका. जन्माचा दाखला काढायला जाणाऱ्या प्रत्येक सोलापूरकरानं तिथं रांगेत उभं राहून मान वर करून नक्षी बघितलेली असते, कारण रांग हलत नाही. आमच्या गटात आम्ही चौघं: मी, बार्शीची, मोहोळची आणि अक्कलकोटचा. गावाच्याच नावानं हाका मारायची पद्धत, मी तेवढी "अशोक चौक". आमची चिठ्ठी निघायच्या आधीच सर म्हणाले, "तुम्ही जिथं बसलाय तेच मोजा."

आमची तोंडं पडली. दीड वर्ष ज्याला शिव्या घातल्या त्याचीच शीट काढायची. अक्कलकोटचा म्हणाला, "दोन दिवसात उरकू बे, घरचंच काम हाय." ते पाच आठवडे चाललं.

पहिला दिवस सगळा वाया गेला. माजघराची प्रत्येक भिंत आम्ही सुटी सुटी मोजली. खिडकीपर्यंत एक माप, खिडकीचं दुसरं, पुढं कोनाड्याचं तिसरं. संध्याकाळी बेरजा केल्या तर समोरासमोरच्या भिंतींत सात इंचांचा फरक. सरांनी कागद बघितला आणि परत दिला. म्हणाले, "टेपचं शून्य कोपऱ्यात धरा आणि सोडू नका. सगळी मापं त्याच शून्यापासून वाचा. तुकडे केले की प्रत्येक तुकड्यात चूक होते आणि चुकांची बेरीज होते." हे मला लगेच पटलं. मागावर नायना हेच करतात, धागे नेहमी एका काठापासून मोजतात, मधून नाही.

दुसऱ्या दिवशी एका शून्यापासून मोजलं. भिंती २५ फूट आणि १८ फूट, समोरासमोरच्या भिंतींत जेमतेम बोटभर फरक. कागदावर खोली काढली, तर शेवटचा कोपरा मिटेना. रेघ येऊन थांबायची ती बोटभर लांब. मग भांडणं. बार्शीची म्हणाली, अक्कलकोटनं टेप ढिला धरला. तो म्हणाला, हिनं सेंटिमीटरची बाजू वाचली. मोहोळची रडकुंडीला आली. शेवटी मामा आले. मामा म्हणजे कॉलेजचे शिपाई, वाड्यात त्यांची तिसरी पिढी. ते म्हणाले, "कर्ण धरा की पोरांनो. सुतार काय करतोय मग?"

कर्ण धरले. एक ३१ फूट २ इंच, दुसरा ३० फूट ५ इंच. खोली काटकोनी असती तर दोन्ही सारखे आले असते, ३० फूट १० इंचांच्या जवळपास. खोलीच तिरकी होती. दीड वर्ष आम्ही त्या खोलीत टी-स्क्वेअर लावून काटकोन शिकत होतो आणि खोलीला एकही काटकोन नव्हता. मामा अजिबात चकित झाले नाहीत. "गल्ली वाकडी, म्हणून भिंत वाकडी. जागा सोडायची कशाला?"

मग आम्ही प्रत्येक खोलीचे कर्ण घ्यायला लागलो आणि काम तिप्पट झालं. ओळंबा सोडला तर मागची भिंत वर जाताना आत झुकलेली, तळाशी अडीच फूट आणि माळवदापाशी दोनला कमी. आजारी भिंत आहे असं वाटलं, पण ती तशीच बांधलेली. मातीची भिंत खाली रुंदच हवी. पाण्याची नळी घेऊन चौकाचा उतार काढला तो आठ मीटरला चार इंच, थेट मोरीकडे. म्हणजे ज्या फरशीला आम्ही दीड वर्ष खडबडीत, वाकडी, भिकार म्हणत होतो ती पाण्यासाठी हिशोबानं वाकडी होती. निदान चौकातली तरी.

पुढच्या भागाचं वय गर्डरनं सांगितलं. वरच्या गॅलरीच्या खाली लोखंडी गर्डर होते, चुन्याखाली अक्षरं उमटलेली. अक्कलकोटचा शिडीवर चढला, ओल्या फडक्यानं पुसलं आणि एक एक अक्षर वाचून दाखवलं: डॉर्मन लाँग. सर खुश झाले. विलायतेतली, मिडल्सब्रोची कंपनी, १९३२ मध्ये उघडलेला सिडनीचा मोठा पूल हिनंच बांधला. म्हणजे मागचं माळवद जुनं आणि पुढची कमानी-काचांची हौस नंतरची, कापसात आणि सुतात पैसा खेळायला लागल्यावरची. गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्या गावातली. मी शिडी धरून उभी होते आणि मला सारखं वाटत होतं, ते सूत कातायला माझ्या घरातलं कोण होतं? माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते एवढं ठाऊक आहे, यापलीकडं नाही. मिल बंद झाली, गर्डर अजून आहे.

पण खरी गंमत झाली ती बाहेरून मोजल्यावर. गल्लीच्या बाजूनं भिंत ६१ फूट ४ इंच. आतल्या खोल्या आणि भिंतींच्या जाड्या मिळवून बेरीज ५६ फूट १ इंच. सव्वापाच फूट गायब. तीनदा मोजलं, तेवढंच. माजघर आणि शेजारची खोली यांच्या मधे काहीतरी होतं ज्याला दार नव्हतं. बातमी अर्ध्या तासात फर्स्ट इयरपर्यंत गेली. भुयार आहे, किल्ल्यापर्यंत जातंय, सोनं आहे, कुणीतरी गाडलंय. भिंतीला कान लावून टिचक्या मारायला रांग लागली. बार्शीची मनातल्या मनात दागिने घालून बसली होती.

मामा पाण्याची बादली घेऊन चालले होते. त्यांना विचारलं.

"बळद हाय की ते."

म्हणजे ज्वारीचं कोठार. दोन भिंतींच्या मधली पोकळी, खाली दार नाही, वरच्या मजल्यावरच्या जमिनीत तोंड. तिथून ज्वारी ओतायची, कडुनिंबाचा पाला आणि राख घालायची, आणि खालच्या छोट्या भोकातून लागेल तेवढी काढायची. खालचं भोक आमच्या व्हाइटबोर्डमागं बुजलेलं. वरचं तोंड स्टाफ रूममधल्या कपाटाखाली. कपाट सरकवायची परवानगी मिळवण्यात दोन दिवस गेले. फळी उचलली, टॉर्च मारला, सगळ्यांनी डोकी आत घातली.

थर्मोकोल. आमच्या आधीच्या कितीतरी बॅचेसची मॉडेल्स. बंगले, बागा, स्पंजची झाडं, सगळं एकमेकांवर उलटंपालटं, उंदरांनी कुरतडलेलं. जागा नाही म्हणून दरवर्षी परीक्षा संपली की ती तिथं ढकलून द्यायचे. मामांना माहीत होतं, कारण ढकलायचे तेच. मोहोळची इतकी हसली की तिला उचकी लागली. आम्ही आत टेप सोडला आणि ते किती खोल आहे ते मोजलं, थर्मोकोलपर्यंतच.

जानेवारी आला तो गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचा, वास घेऊनच. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या चार पुतळ्यांपाशी गर्दी होती, त्यांना १९३१ मध्ये त्याच दिवशी येरवड्यात फाशी दिली त्याला त्या वर्षी ऐंशी वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यातून नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या काठ्या, निघाले. सबमिशन जवळ आलेलं, म्हणून सरांनी आम्हाला सुट्टीतही बोलावलेलं. आम्ही गॅलरीत कठड्याचं नक्षीचं माप घेत होतो. लांबून "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" ऐकू आलं आणि अक्कलकोटच्याच्या हातातली टेप सर्रकन गुंडाळली गेली. तो दिंडीतून बाहेर पडलेला आम्हाला दिसलासुद्धा नाही. आम्ही मागोमाग. विजापूर वेशीला गाठले. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, एकामागून एक सात उंच काठ्या, कमरेच्या पट्ट्यात पेललेल्या, आणि एवढ्या गर्दीत एकही काठी कलत नाही. मी महिनाभर ओळंबा सोडत होते, त्यामुळं माझं लक्ष तिकडंच. त्या काठ्या आमच्या मागच्या भिंतीपेक्षा सरळ होत्या.

परत आलो तर चौकात अक्का बसलेल्या.

अक्का म्हणजे वाड्याच्या मालकीणबाई. ऐंशीच्या पुढच्या. मागच्या दोन खोल्या स्वतःकडे ठेवून बाकी वाडा त्यांच्या घरच्यांनी संस्थेला भाड्यानं दिलेला. आम्ही त्यांना बिचकून असायचो, कारण तुळशीपाशी चपला दिसल्या की काठी आपटायच्या. त्या दिवशी त्यांनीच हाक मारली.

"काय करलालाव गं पोरींनो, महिनाभर? घर इकायचंय का कुणाला?"

मी वही दाखवली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मी बोट ठेवून वाचत गेले. ही फर्स्ट इयर. हे ऑफिस. ही स्टाफ रूम.

"कंची?"

जिन्यापलीकडची, म्हटलं.

"ती बाळंतिणीची खोली. माझी तिन्ही लेकरं तितं झालीत."

आमच्या विभागप्रमुखांची खुर्ची बरोबर तिथंच होती. मोहोळचीनं तोंडावर ओढणी घेतली. अक्कांचं सुरूच होतं. हे माजघर, पाच खणी. लायब्ररी कसली, ते देवघर. मॉडेल रूम म्हणजे सरपणाची खोली. त्या सगळं खणात सांगायच्या, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. आम्ही जे २५ फूट म्हणून तीनदा मोजलं होतं ते त्यांना जागेवरून न उठता ठाऊक होतं. बळदाची गोष्ट निघाली तेव्हा हसल्या. त्यांच्या सासूबाईंनी त्यांना सांगितलं होतं, १९३० साली मार्शल लॉ लागला आणि गांधी टोपी दिसली की शिपाई धरायचे, तेव्हा घरातल्या सगळ्या टोप्या त्यांनी ज्वारीत पुरल्या. "नंतर भाकरीला कुणाची टोपी लागतीय म्हणून हसायचे."

त्यानंतर रोज संध्याकाळी कुणीतरी वही घेऊन अक्कांकडे जायचं. शेंगापोळी मिळायची, हेही खरं. प्रश्न असा आला की शीटवर खोल्यांची नावं कोणती घालायची. सर म्हणाले, आज जो वापर आहे तो लिहा, नियम तोच. आम्ही दोन्ही लिहिली. आजचं मोठ्या अक्षरात, अक्कांचं खाली बारीक तिरप्या अक्षरात. विभागप्रमुखांच्या नजरेला "बाळंतिणीची खोली" पडलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्पेलिंग तपासा."

जिना राहिला होता. सबमिशनच्या आदल्या रात्री, म्हणजे खरं तर पहाटे, बार्शीचीच्या कॉट बेसिसच्या खोलीवर आम्ही सेक्शन शाईत करत होतो. जिन्याच्या पायऱ्या तेरा. बारा पायऱ्यांची उंची साडेआठ इंच, इकडं तिकडं पाव. पहिलीची तीन इंच. फक्त तीन. काढली की जिना खालच्या टोकाला चेपल्यासारखा दिसायचा. बार्शीची म्हणाली, माप चुकलं असणार. मोहोळची म्हणाली, गवंडी चुकला असणार. मला नक्की आठवत होतं की तीनच आहे, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पण साडेतीन वाजले होते आणि सकाळी अकराला शीट द्यायच्या होत्या. एकूण उंचीला तेरानं भागलं. प्रत्येक पायरी आठ इंचांवर एक केसभर. छान एकसारखा जिना आला. मी काही बोलले नाही. सबंध पाच आठवड्यांत आम्ही केलेली एवढी एकच लबाडी, आणि ती मी माझ्या हातानं शाईत केली.

व्हायव्हाला बाहेरून आलेले एक्स्टर्नल वयस्कर होते. प्लॅनवर बोट ठेवून म्हणाले, "माजघर तिरकं काढलंय. ड्राफ्टर हलला का?"

"नाही सर, तिरकंच आहे."

ते उठले, माझ्या हातातला टेप घेतला, एक टोक अक्कलकोटच्याला दिलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून दोन्ही कर्ण घेतले. पँटीची धूळ झटकली आणि काही न बोलता पुढच्या शीटकडे वळले. जिन्यावरून त्यांची नजर सरळ घसरत गेली. एकसारखा होता ना. पन्नासपैकी ४३ पडले, वर्गात सगळ्यांत जास्त. किल्लावाल्यांना ३९.

निकाल लागल्यावर अक्कांनी नकाशा मागितला. शीट संस्थेकडे जमा, पण ट्रेसिंग आमच्याकडे होतं. नव्या पेठेतून अमोनिया प्रिंट काढून आणली, निळी, वास मारणारी. अक्कांनी ती सोप्यात जमिनीवर पसरायला लावली, चार कोपऱ्यांवर पितळी वाट्या ठेवल्या आणि चष्मा पुसला. प्लॅन त्यांना एका मिनिटात कळला. दिंडीतून बोट आत आलं, देवडी, चौक, तुळशीला वळसा घालून सोपा, माजघर. बाळंतिणीच्या खोलीपाशी जरा थांबलं. मग सेक्शनवर आल्या. एक, दोन, तीन करत बोट जिना चढत गेलं.

"तेरा. बरोबर. पण खालची अशी नाही."

माझे कान गरम झाले.

"खालची अर्धी पुरलीय. थोरल्याच्या लग्नात मामंजींनी खालती शहाबादी घातली, जुन्या दगडावरच. पायरी गेली आत. मी नवी होते तवा तितंच बसून तांदूळ निवडायची. गार असायची." मग काठीनं खांबाच्या बुडाकडे दाखवलं. "याच्या खाली कमळ हाय. दगडात. तेबी गेलं."

मी टेप काढली. साडेआठातून तीन गेले, साडेपाच इंच. खांबापाशी फरशीची एक फट होती, तिच्यात पट्टी घातली तर ती तेवढीच आत जाऊन टेकली. खांबांचे तळखडे, म्हणजे बुडाचे दगड, आम्ही जमिनीला चिकटलेले, बसके काढले होते, सगळेच्या सगळे. गवंडी चुकला नव्हता. त्या तीन इंचांनी आम्हाला सगळं सांगितलं होतं आणि आम्ही त्याला तेरानं भागलं होतं.

मी पेन्सिल घेतली. आमची गुळगुळीत पायरी खोडता येईना, प्रिंट होती. म्हणून तिच्यावरच तीन इंचांची खरी रेघ काढली, आणि फरशीच्या खाली, साडेपाच इंच मोजून, जुन्या दगडाची कड. डोळ्यांना न दिसणारी वस्तू नकाशात तुटक रेघेनं दाखवायची असते, तशी तुटक.

अक्का वाकून बघत होत्या.

"अशी तुटक तुटक का काढलालीस?"

"अक्का, जमिनीखालचं असंच काढतात."

"खाली असली म्हणून काय झालं? हाय की ती. नीट काढ."

मी नीट काढली.